काढून टाकणे आणि पुसून टाकणे

ग्रंथालयातील एखादे पुस्तक जीर्ण झाले म्हणजे ग्रंथपाल ते कपाटातून उचलून थेट रद्दीत टाकीत नाही. दाखल-नोंदवहीत त्या पुस्तकाचा क्रमांक शोधला जातो, ते कोणा वाचकाकडे गेलेले नाही ना हे पाहिले जाते, ते बाद केल्याची नोंद होते आणि मगच पुस्तक कपाटातून उतरते. नोंद न करता पुस्तके हलविली गेली, तर पुढील पडताळणीच्या वेळी नोंदवही एक सांगते आणि कपाट दुसरेच सांगते. असे वारंवार घडले की त्या नोंदवहीवर कोणाचाच विश्वास उरत नाही.

संगणकावरील सॉफ्टवेअर काढण्याची क्रिया या क्रियेशी पुष्कळ मिळतीजुळती आहे. नको असलेला प्रोग्रॅम म्हणजे नको असलेली एक फाइल, ती पुसली की काम संपले, अशी नवशिक्याची समजूत असते. वस्तुतः आजच्या संगणकावरील बहुतेक प्रोग्रॅम अनेक फाइलींचे बनलेले असतात, त्या फाइली निरनिराळ्या ठिकाणी विखुरलेल्या असतात, आणि त्यांतील काहींवर इतर प्रोग्रॅमही विसंबून असतात. म्हणून काढून टाकणे आणि पुसून टाकणे या दोन भिन्न क्रिया होत. पहिलीत नोंदवहीचा सल्ला घेतला जातो, दुसरीत घेतला जात नाही. प्रस्तुत प्रकरणात हा भेद डेबियन या लिनक्स प्रणालीच्या उदाहरणाने स्पष्ट करावयाचा आहे.

डेबियनचीच निवड करण्यास कारण आहे. इयान मर्डॉक यांनी १९९३ च्या ऑगस्ट महिन्यात या प्रकल्पाची घोषणा केली. पुढे उबुंटूसारख्या अनेक प्रणाली तिच्यावरच उभ्या राहिल्या. भारतात सी-डॅक या संस्थेने विकसित केलेली ‘बॉस’ ही प्रणाली डेबियनपासूनच निघालेली आहे, आणि केरळच्या शाळांतून वापरली जाणारी प्रणाली उबुंटूवर आधारलेली आहे. त्यामुळे येथे वर्णिलेल्या आज्ञा देशातील अनेक कार्यालयांतील व शाळांतील संगणकांवर जशाच्या तशा चालतात. या आज्ञा कळफलकावर लहान रोमन अक्षरांत द्यावयाच्या असतात. येथे त्या उच्चारानुसार देवनागरीत दिल्या आहेत.

नोंदवही कोठे असते

डेबियनमध्ये सॉफ्टवेअर ज्या गठ्ठ्याच्या रूपाने येते त्याला पॅकेज म्हणतात. गठ्ठ्याचे दोन भाग असतात. एका भागात प्रत्यक्ष फाइली असतात, म्हणजे प्रोग्रॅम, त्याची माहितीपुस्तिका, चित्रे वगैरे. दुसऱ्या भागात त्या गठ्ठ्याविषयीची माहिती असते. पॅकेजचे नाव, आवृत्ती, ते चालण्यासाठी आणखी कोणती पॅकेजे लागतात त्यांची यादी, आणि पॅकेज बसविताना वा काढताना कोणती कामे करावयाची त्यांच्या सूचना, हे सर्व या दुसऱ्या भागात येते.

पॅकेज बसविणारा मूळ प्रोग्रॅम डीपीकेजी या नावाने ओळखला जातो. तो फाइली त्यांच्या त्यांच्या जागी ठेवतो आणि प्रत्येक फाइलीची नोंद करतो. ही नोंदवही ‘व्हार’ या निर्देशिकेच्या पोटातील ‘लिब’मध्ये, तेथील ‘डीपीकेजी’ या निर्देशिकेत असते. तिच्यातील ‘स्टेटस’ नावाच्या फाइलीत प्रत्येक पॅकेजची अवस्था लिहिलेली असते, आणि ‘इन्फो’ या पोटनिर्देशिकेत प्रत्येक पॅकेजने आणलेल्या फाइलींची यादी असते. ही नोंदवही वाचण्यासाठी तीन साध्या आज्ञा आहेत. ‘डीपीकेजी हायफन लहान एल’ ही आज्ञा पॅकेजांची यादी दाखविते. ‘डीपीकेजी हायफन मोठा एल’ पुढे पॅकेजचे नाव दिले असता त्या पॅकेजच्या फाइली दिसतात. ‘डीपीकेजी हायफन मोठा एस’ पुढे फाइलीचे नाव दिले असता ती कोणत्या पॅकेजची आहे हे कळते. सर्व आज्ञा लहान अक्षरांत असल्या, तरी येथील लहान-मोठ्या अक्षरांचा भेद महत्त्वाचा आहे.

आता एखाद्याने ‘आरएम’ या आज्ञेने प्रोग्रॅमची फाइल पुसून टाकली, असे समजू. युनिक्सच्या १९७१ सालच्या पहिल्या माहितीपुस्तिकेतही असलेली ही आज्ञा फाइलीचे नाव निर्देशिकेतून काढते. ती फाइल कोणाची, कशासाठी होती, हे ती विचारीत नाही. प्रोग्रॅम नाहीसा होतो, पण नोंदवहीत तो ‘बसविलेला’ असाच राहतो. त्याच्यावर विसंबून असलेली इतर पॅकेजे त्या नोंदीवर भरवसा ठेवून चालू लागतात आणि मध्येच अडखळतात. नवीन आवृत्ती आली की प्रणाली ती निमूटपणे पुन्हा बसविते, आणि पुसलेला प्रोग्रॅम परत आलेला पाहून वापरणारा चकित होतो. चूक प्रणालीची नसते. कपाट बदलले होते, नोंदवही बदलली नव्हती, एवढेच.

दोन कारभारी, दोन स्वभाव

पॅकेज काढण्याचे काम डीपीकेजीकडूनही करून घेता येते आणि ॲप्ट या दुसऱ्या प्रोग्रॅमकडूनही. ॲप्ट हा १९९९ च्या मार्चमध्ये प्रसिद्ध झालेल्या डेबियन २.१ या आवृत्तीपासून प्रणालीबरोबर येऊ लागला. तो स्वतः फाइलींना हात लावीत नाही. कोणती पॅकेजे आणावयाची व कोणती काढावयाची याचा हिशेब तो करतो आणि प्रत्यक्ष काम डीपीकेजीवर सोपवितो.

या दोघांच्या स्वभावातील अंतर ध्यानात ठेवण्यासारखे आहे. ‘क’ हे पॅकेज काढावयाचे आहे आणि ‘ख’ व ‘ग’ ही दोन पॅकेजे त्याच्यावर अवलंबून आहेत, असे मानू. डीपीकेजीला ‘क’ काढण्यास सांगितले तर तो नकार देतो. ‘ख’ व ‘ग’ यांना ‘क’ची गरज आहे, सबब ते काढता येत नाही, असे सांगून तो थांबतो. ॲप्टला हीच आज्ञा दिली तर तो नकार देत नाही. ‘क’ गेल्यावर ‘ख’ व ‘ग’ निरुपयोगी होणार, म्हणून ती दोन्ही पॅकेजेही तो काढावयाच्या यादीत घालतो. एक कारभारी अडवून धरतो, दुसरा आज्ञेची व्याप्ती वाढवून ती पार पाडतो. ॲप्ट अधिक सोयीचा आहे, आणि नेमका म्हणूनच तो अधिक जपून वापरावा लागतो.

काढण्याची सर्वसाधारण आज्ञा अशी आहे:

सुडो ॲप्ट रिमूव्ह (पॅकेजचे नाव)

‘सुडो’ या शब्दाने पुढील आज्ञा व्यवस्थापकाच्या अधिकाराने चालते. एंटर कळ दाबली की पडद्यावर यादी उमटते. कोणती पॅकेजे काढली जातील, डिस्कवर किती जागा मोकळी होईल, हे त्यात सांगितलेले असते. त्यानंतर पुढे जावे काय, असा प्रश्न येतो आणि त्याच्या शेजारी कंसात होकाराचे अक्षर मोठे व नकाराचे लहान छापलेले असते. या मोठ्या अक्षराचा अर्थ पुष्कळांना ठाऊक नसतो. काहीही न लिहिता नुसती एंटर कळ दाबली तर उत्तर होकारार्थी धरले जाईल, असा तो अर्थ होय. म्हणजे सवयीने दाबलेली कळ ही येथे संमती ठरते.

काढले, पण किती

‘रिमूव्ह’ या आज्ञेने पॅकेज संपूर्णपणे जात नाही. आधी पॅकेजमधील सूचनेप्रमाणे पूर्वतयारी होते. उदाहरणार्थ, तो प्रोग्रॅम पार्श्वभूमीवर चालू असेल तर थांबविला जातो. मग यादीतील फाइली काढल्या जातात आणि रिकाम्या झालेल्या निर्देशिकाही जातात. ज्या निर्देशिकेत दुसऱ्या कोणाची फाइल शिल्लक असेल ती मात्र तशीच राहते. प्रोग्रॅमची मांडणी ठरविणाऱ्या, प्रामुख्याने ‘ईटीसी’ या निर्देशिकेत असणाऱ्या फाइलींना हात लावला जात नाही. यामागील विचार असा की, या फाइलींत व्यवस्थापकाने स्वतः बसून बदल केलेले असण्याचा संभव असतो. प्रोग्रॅम पुन्हा आणता येतो, पण माणसाचे श्रम पुन्हा आणता येत नाहीत. अशा पॅकेजच्या नावापुढे डीपीकेजीच्या यादीत ‘आर सी’ ही अक्षरे दिसतात. पॅकेज काढलेले आहे, मांडणीच्या फाइली राहिलेल्या आहेत, असे ती सांगतात. पूर्णपणे बसविलेल्या पॅकेजपुढे ‘आय आय’ अशी अक्षरे असतात.

मांडणीच्या फाइलीही नको असतील तर ‘रिमूव्ह’ऐवजी ‘पर्ज’ हा शब्द वापरतात. या दोन शब्दांतील अंतर किती मोलाचे ठरू शकते, हे विदागाराच्या उदाहरणावरून दिसून येते. पोस्टग्रेस या विदागार-प्रोग्रॅमचे पॅकेज ‘रिमूव्ह’ने काढले तर त्यात साठविलेली माहिती डिस्कवर तशीच राहते. ‘पर्ज’ केले तर ती माहितीही नष्ट करावी काय, असा स्वतंत्र प्रश्न विचारला जातो. एखाद्या कार्यालयाची कित्येक वर्षांची कागदपत्रे या एका उत्तरावर अवलंबून असू शकतात. प्रोग्रॅम आणि त्याने सांभाळलेली माहिती या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि पहिलीची प्रत कोठेही मिळते, दुसरीची मिळत नाही. म्हणून ‘पर्ज’पूर्वी माहितीची प्रत दुसरीकडे ठेवणे हाच शहाणपणा होय.

वापरणाऱ्याच्या स्वतःच्या घर-निर्देशिकेतील फाइलींना मात्र ‘रिमूव्ह’ वा ‘पर्ज’ सहसा स्पर्श करीत नाहीत. तेथे प्रोग्रॅमने ठेवलेल्या वैयक्तिक आवडीनिवडींच्या नोंदी तशाच राहतात. त्या त्याने स्वतः पाहून काढावयाच्या असतात.

पोरकी पॅकेजे

एक प्रोग्रॅम आणला की त्याच्यासाठी लागणारी दहा-वीस पॅकेजे त्याच्या मागोमाग येतात. मूळ प्रोग्रॅम काढला तरी ही सोबतची मंडळी आपोआप जात नाहीत. ॲप्टने मात्र आणतानाच प्रत्येकाची नोंद केलेली असते. अमुक पॅकेज वापरणाऱ्याने मागितले म्हणून आले, तमुक केवळ दुसऱ्याच्या गरजेपोटी आले. दुसऱ्या प्रकारच्या पॅकेजची आता कोणालाच गरज उरली नसेल तर ते पोरके मानले जाते. अशी सर्व पॅकेजे ‘ऑटोरिमूव्ह’ या आज्ञेने एकदम काढता येतात. लिनक्सच्या जुन्या गाभ्यांनी ‘बूट’ हा लहानसा विभाग भरून गेला असता जागा मोकळी करण्याचा योग्य मार्गही बहुधा हाच असतो. तेथील फाइली हाताने पुसणे हा नव्हे.

तथापि ‘पोरके’ ही केवळ नोंदवहीची भाषा आहे. एखादे पॅकेज दुसऱ्याच्या मागोमाग आले असेल आणि पुढे वापरणाऱ्याला ते रोजच्या कामाचे वाटू लागले असेल, तर ते नोंदवहीला ठाऊक नसते. अशा पॅकेजची नोंद ‘ॲप्ट-मार्क मॅन्युअल’ या आज्ञेने बदलता येते. त्यानंतर ते वापरणाऱ्याने मागितलेले समजले जाते आणि पोरक्यांच्या यादीतून सुटते. ‘ऑटोरिमूव्ह’ची यादीही एरवीच्या यादीइतक्याच काळजीने वाचली पाहिजे, ती यासाठी.

एका निरुपद्रवी वाटणाऱ्या आज्ञेची कथा

अवलंबनाचे जाळे किती खोल असते, हे पायथन या संगणकभाषेच्या उदाहरणावरून समजते. २०२२ च्या एप्रिलमध्ये प्रसिद्ध झालेल्या उबुंटूच्या २२.०४ या आवृत्तीबरोबर पायथनची ३.१० ही आवृत्ती येते. एखादा विद्यार्थी अभ्यासासाठी तिच्याहून नवी आवृत्ती बसवितो. आता संगणकावर दोन पायथन झाले, जुन्याचा उपयोग काय, असे त्याला वाटते. जागा वाचविण्याच्या हेतूने तो ‘पायथन३’ हे पॅकेज काढण्याची आज्ञा देतो.

त्याच्या दृष्टीने पायथन हे त्याच्या अभ्यासाचे साधन असते. प्रणालीच्या दृष्टीने तो पायाचा दगड असतो. उबुंटूतील कितीतरी अंतर्गत साधने या भाषेत लिहिलेली आहेत. नव्या आवृत्त्यांची सूचना देणारे साधन हे त्यांपैकीच एक. ॲप्ट हिशेब करतो. पायथनवर ही साधने अवलंबून आहेत, त्यांवर डेस्कटॉपचे समूह-पॅकेज अवलंबून आहे, म्हणून तीही गेली पाहिजेत. पडद्यावर नावांची लांबलचक यादी येते. विद्यार्थ्याला ती नावे अपरिचित असतात आणि तो एंटर दाबतो. पुढच्या वेळी संगणक सुरू होतो तेव्हा परिचित चित्रमय पडदा अनेकदा येतच नाही. काळ्या पडद्यावर केवळ नाव व परवलीचा शब्द विचारणारी ओळ दिसते.

येथे कोणी खोटे बोललेले नसते. आज्ञा स्पष्ट होती, यादी खरी होती, प्रश्नही विचारला गेला होता. ज्या एका ठिकाणी हा अनर्थ टळू शकला असता, ते ठिकाण म्हणजे यादी वाचण्याचे ते अर्धे मिनिट होय.

असा प्रसंग ओढवलाच तर घाबरून संपूर्ण प्रणाली नव्याने बसविण्याची गरज बहुधा नसते. ॲप्ट आपल्या प्रत्येक कृतीची रोजनिशी ठेवतो. ‘व्हार’मधील ‘लॉग’ या निर्देशिकेत ‘ॲप्ट’ नावाच्या पोटनिर्देशिकेत ‘हिस्टरी’ नावाची ही रोजनिशी सापडते. कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणती आज्ञा दिली आणि तिच्यामुळे कोणकोणती पॅकेजे काढली गेली, हे तिच्यात क्रमाने लिहिलेले असते. ती यादी हाताशी धरून ‘ॲप्ट इन्स्टॉल’ या आज्ञेने पॅकेजे परत आणता येतात. मात्र त्यासाठी इंटरनेटची जोडणी शाबूत असावी लागते. जोडणी सांभाळणारे पॅकेजच यादीत गेले असेल तर काम बरेच कठीण होते.

प्रणाली स्वतःचे रक्षण किती करते

काही पॅकेजांवाचून प्रणाली मुळीच चालू शकत नाही. डेबियनमध्ये त्यांना ‘अत्यावश्यक’ असा शिक्का असतो. आज्ञा स्वीकारणारे बॅश, खुद्द डीपीकेजी, आणि ज्यात ‘आरएम’ ही आज्ञा असते ते कोअरयुटिल्स, ही त्यांतील काही नावे. अशी पॅकेजे काढण्याची वेळ आली की पूर्वी ॲप्ट नुसत्या होकारावर समाधान मानीत नसे. ‘होय, मी सांगतो तसे कर’ या अर्थाचे एक संपूर्ण इंग्रजी वाक्य अक्षरशः लिहून द्यावे लागे. एवढे वाक्य लिहिताना माणूस विचार करील, अशी अपेक्षा होती.

ही अपेक्षा नेहमी खरी ठरली नाही. २०२१ साली एका लोकप्रिय लिनक्स प्रणालीवर एक खेळांचे पॅकेज बसविताना, आवृत्त्यांचा मेळ न बसल्यामुळे, ॲप्टने डेस्कटॉपच काढण्याचा प्रस्ताव पुढे केला. वापरणाऱ्याने ते वाक्य मुकाट्याने लिहून दिले, आणि डेस्कटॉप गेला. हा प्रकार चित्रफितीतून असंख्य लोकांनी पाहिला व त्यावर बरीच चर्चा झाली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, त्या माणसाने काढण्याची आज्ञा दिलीच नव्हती, तो काहीतरी बसवीत होता. बसविण्याच्या आज्ञेतूनही काढणे उद्भवू शकते. त्याच वर्षी ॲप्टच्या कर्त्यांनी नियम कडक केले. अवलंबनाचा हिशेब जुळविण्यासाठी अत्यावश्यक पॅकेजे काढण्याचा मार्ग ॲप्टने आपण होऊन निवडू नये, अशी व्यवस्था करण्यात आली.

परंतु या संरक्षणाला मर्यादा आहे. ‘पायथन३’ किंवा डेस्कटॉपचे पॅकेज डेबियनच्या व्याख्येनुसार अत्यावश्यक नसते, कारण त्यांच्याविनाही संगणक सुरू होऊ शकतो. वापरणाऱ्याला काय अत्यावश्यक आहे हे प्रणालीला सांगता येत नाही. ते ज्याचे त्यानेच ठरवावे लागते.

आज्ञेपूर्वीची तालीम

यावरचा सर्वांत सोपा उपाय तालमीचा आहे. ‘ॲप्ट-गेट हायफन एस रिमूव्ह’ आणि त्यापुढे पॅकेजचे नाव अशी आज्ञा दिली असता सर्व हिशेब होतो, काय काय काढले जाईल ते दिसते, पण प्रत्यक्षात एकही फाइल हलत नाही. या तालमीस ‘सुडो’चीही गरज नसते. यादीत मागितलेल्या नावाखेरीज आणखी नावे दिसली, तर प्रत्येकाचा अर्थ कळेपर्यंत थांबावे. ‘ॲप्ट शो’ या आज्ञेने कोणत्याही पॅकेजचे वर्णन वाचावयास मिळते. प्रश्न न विचारता होकार गृहीत धरणारा ‘हायफन वाय’ हा पर्याय काढण्याच्या आज्ञेबरोबर वापरू नये. तारकाचिन्ह वापरून अनेक पॅकेजे एका फटक्यात काढण्याचा मोहही आवरावा, कारण त्या चिन्हाची व्याप्ती कल्पनेपेक्षा मोठी निघू शकते.

शेवटी हेही ध्यानात ठेवावे की एका संगणकावर एकाहून अधिक नोंदवह्या असू शकतात. उबुंटूवर ‘स्नॅप’ या पद्धतीने आलेले प्रोग्रॅम डीपीकेजीच्या नोंदीत नसतात. ते ‘स्नॅप रिमूव्ह’नेच काढावे लागतात. मूळ संहितेवरून स्वतः घडवून बसविलेले प्रोग्रॅम तर बहुधा कोणत्याच नोंदवहीत नसतात. त्यांच्या बाबतीत नोंद ठेवण्याची जबाबदारी बसविणाऱ्यावरच येते. ज्या दाराने प्रोग्रॅम आत आला त्याच दाराने त्याला बाहेर न्यावे, हा या सर्वांतून निघणारा नियम होय.

ग्रंथपाल पुस्तक बाद करण्यापूर्वी नोंदवही उघडतो, याचे कारण त्याला पुस्तकाची ओळख नसते असे नव्हे. पुस्तकाचे इतरांशी असलेले नाते कपाटात दिसत नाही, ते नोंदवहीत दिसते, हे त्याला ठाऊक असते. संगणकापुढे बसलेल्या माणसाने पडद्यावरील यादी वाचावयाची ती याच कारणासाठी.